दक्षिण आशियाचा एम. ए., सांगलीत राहून

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यायची, आणि तीही एखादा प्रदेश केंद्रस्थानी ठेवून, असे सांगली किंवा साताऱ्यातील कोणी ठरवले तर त्याच्यापुढचे मार्ग मोजकेच असतात. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे, सार्क देशांनी मिळून उभारलेले आणि २०१० पासून चालणारे दक्षिण आशियाई विद्यापीठ आहे; मुंबई विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचे केंद्र १९७१ पासून आहे; पुण्यात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे. या प्रत्येकासाठी घर आणि नोकरी सोडून जावे लागते. जवळच्या महाविद्यालयांत राज्यशास्त्राचा एम. ए. करता येतो आणि त्यात आंतरराष्ट्रीय राजकारणाची एखाददुसरी प्रश्नपत्रिका असते, परंतु तिथे प्रदेशाचा अभ्यास शेवटच्या प्रकरणापुरता उरतो. त्यामुळे दूरशिक्षणाने चालणारा, दक्षिण आशियावर भर देणारा आणि शनिवार-रविवारी सांगलीतच संपर्क सत्रे घेणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे असे कळल्यावर मी त्याला प्रवेश घेतला आणि तो पूर्ण केला. त्या अनुभवावर आधारलेले हे परीक्षण आहे.

विद्यापीठाचे आणि अभ्यास केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. केंद्रे बदलतात, शिकवणारी माणसे तर वर्षाच्या मध्यावरही बदलतात, आणि मी ज्या उणिवा मांडणार आहे त्या एकाच संस्थेच्या आहेत असे मला वाटत नाही; दूरशिक्षणातील बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रम याच साच्यातून निघालेले दिसतात. माझ्या पार्श्वभूमीविषयी इतके सांगणे पुरे आहे की मी बेदाणा आणि हळद बाहेरदेशी पाठवणाऱ्या एका पेढीत कागदपत्रांचे काम करते. शिपिंग बिल, उत्पत्ती प्रमाणपत्र, बँकेची पत्रे हा माझा रोजचा व्यवहार असल्यामुळे शेजारी देशांचे धोरण बदलले की त्याची झळ आमच्या टेबलापर्यंत लगेच पोहोचते, आणि हे धोरण ठरते कसे हे समजून घेण्याची इच्छा हेच प्रवेशाचे खरे कारण होते.

अभ्यासक्रम चार सत्रांचा आहे. पहिली दोन सत्रे सिद्धान्त, आंतरराष्ट्रीय संघटना, भारताचे परराष्ट्र धोरण आणि संशोधनपद्धती यांत जातात. प्रदेश खऱ्या अर्थाने तिसऱ्या सत्रात येतो आणि चौथ्या सत्रात लघुप्रबंधासह संपतो. ही रचना मला मुळातच उलटी वाटते. ज्या अभ्यासक्रमाच्या नावातच प्रदेश आहे त्याने विद्यार्थ्याला वर्षभर वास्तववाद, उदारमतवाद आणि रचनावाद यांच्या वादात ठेवावे आणि ढाका, काठमांडू, कोलंबो यांचे नावही काढू नये, हे पटत नाही. सिद्धान्त नकोत असे माझे म्हणणे नाही. प्रादेशिक सुरक्षा संकुल ही संकल्पना, म्हणजे ज्या देशांच्या सुरक्षेच्या चिंता एकमेकांत इतक्या गुंतल्या आहेत की एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करताच येत नाही अशा देशांचा गट, ही या संपूर्ण पदवीची किल्ली आहे. पण ती पहिल्या सत्राच्या अखेरच्या घटकात, परीक्षा तोंडावर आलेली असताना उरकली जाते. राजनयाचा इतिहासही १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून सुरू होतो आणि युरोपाबाहेर फारसा पडत नाही. साताऱ्याच्या पदच्युत महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये तळ ठोकून होते आणि त्याच काळात, १८४८ मध्ये, राज्य खालसा झाले, हा राजनयाच्या मर्यादेचा याहून बोलका धडा कुठला असेल? पण तो पुस्तिकेत नाही आणि असावा अशी अपेक्षाही दिल्लीत तयार झालेल्या पुस्तिकेकडून करता येत नाही.

छापील अध्ययन साहित्य सुवाच्य आहे, घटकांची मांडणी नेटकी आहे आणि प्रत्येक घटकाखालचे स्वयंअध्ययनाचे प्रश्न उपयोगी आहेत. दोष आहे तो त्याच्या वयाचा. सार्कवरील घटक २०१४ च्या काठमांडू शिखर परिषदेपाशी थांबतो आणि पुढील परिषद इस्लामाबादला होणार असल्याचे भविष्यकाळात सांगतो. ती परिषद नोव्हेंबर २०१६ मध्ये व्हायची होती. सप्टेंबरमधील उरीच्या हल्ल्यानंतर भारताने आणि पाठोपाठ इतर देशांनी सहभाग नाकारला, परिषद रद्द झाली आणि त्यानंतर सार्कची शिखर परिषद झालेलीच नाही. ज्या संघटनेची स्थापना डिसेंबर १९८५ मध्ये ढाक्यात झाली तिचे काम असे ठप्प होणे हीच या प्रदेशाची सध्याची सर्वांत मोठी संस्थात्मक घटना आहे, आणि नेमकी तीच पुस्तिकेत नाही. २०२१ मध्ये काबूलमध्ये तालिबानचे पुनरागमन, २०२२ मधील श्रीलंकेचे आर्थिक संकट, ऑगस्ट २०२४ मधील बांगलादेशातील सत्तांतर, एप्रिल २०२५ मध्ये भारताने सिंधू जलकरार स्थगित ठेवण्याचा घेतलेला निर्णय, हे सगळे विद्यार्थ्याने स्वतः गोळा करायचे. परीक्षेत मात्र यांवर प्रश्न येतात, हे विशेष. केंद्राच्या समन्वयकांकडे याविषयी विचारणा केली असता साहित्याची सुधारित आवृत्ती लवकरच येणार असल्याचे उत्तर मिळाले. आमची तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली तरी ती आलेली नव्हती.

असे असूनही तिसऱ्या सत्रातील दोन प्रश्नपत्रिकांनी माझे शुल्क वसूल करून दिले. पहिली आहे सामायिक नद्या आणि प्रादेशिक संबंध यांवरची. कृष्णाकाठच्या विद्यार्थ्याला ही प्रश्नपत्रिका जितकी कळते तितकी ती इतर कोणाला कळत असेल का, याची मला शंका आहे.

पाणीवाटपाच्या तीन वेगवेगळ्या पद्धती तिथे शेजारी शेजारी ठेवून शिकवल्या गेल्या. १९ सप्टेंबर १९६० च्या सिंधू करारात पाणी वाटलेलेच नाही, नद्या वाटल्या आहेत: रावी, बियास आणि सतलज या पूर्वेकडच्या नद्या भारताकडे, तर सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडच्या नद्यांचे पाणी, काही ठरावीक वापर वगळता, पाकिस्तानकडे. १२ डिसेंबर १९९६ च्या गंगा करारात नदी एकच आहे आणि ती एकाच ठिकाणी, पश्चिम बंगालमधील फराक्का बंधाऱ्यावर, मोजून वाटायची आहे. १ जानेवारी ते ३१ मे या टंचाईच्या काळात दहा-दहा दिवसांचे गट करून प्रवाह पाहिला जातो. तो ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर दोन्ही देशांना निम्मे-निम्मे. ७० ते ७५ हजारांच्या दरम्यान असेल तर बांगलादेशाला ३५ हजार आणि उरलेले भारताला. ७५ हजारांच्या वर गेला तर भारताला ४० हजार आणि उरलेले बांगलादेशाला. शिवाय ११ मार्च ते १० मे या सर्वांत कठीण दिवसांत दोघांनाही एकाआड एक दहा दिवस ३५ हजारांची हमी. या कराराची मुदत तीस वर्षांची असून ती डिसेंबर २०२६ मध्ये संपते. तिसरी पद्धत आपल्या घरची. बच्छावत लवादाने कृष्णेचे ७५ टक्के विश्वासार्हतेने मिळणारे २०६० टीएमसी पाणी महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७०० आणि तेव्हाचे आंध्र प्रदेश ८०० असे वर्षाच्या एकूण मापाने वाटले.

हे तिन्ही तक्ते फळ्यावर एका रांगेत लिहून शिकवणाऱ्या सरांनी एकच प्रश्न विचारला: यांपैकी कोणत्या वाटपात पुराचा विचार आहे? वर्गात शांतता पसरली, कारण उत्तर सर्वांना ठाऊक होते. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे गणित सांगलीतल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांनी ते पाठ करून घेतले आहे. वाटप मात्र टंचाईचे होते, अतिरेकाचे होत नाही. त्या तासाला चर्चा कर्नाटकातील कृष्णेवरच्या अलमट्टी धरणावर गेली नसती तरच नवल. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये त्या धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास अनुमती दिल्यापासून हा विषय इथे सतत धगधगता आहे. फुगवट्याचा परिणाम सांगलीपर्यंत पोहोचतो की नाही याविषयी तज्ज्ञांच्या समित्या एक सांगतात आणि नदीकाठची माणसे दुसरे सांगतात. सरांनी या वादात निकाल दिला नाही. त्यांनी नकाशा उत्तरेकडे सरकवला आणि नेपाळच्या बांके जिल्ह्यातील लोकांची तक्रार समोर ठेवली: राप्ती नदीवर, सीमेच्या खाली उत्तर प्रदेशात बांधलेल्या लक्ष्मणपूर बंधाऱ्यामुळे आमच्या शेतात पाणी तुंबते, असे ते वर्षानुवर्षे म्हणत आले आहेत. वरच्या बाजूचा देश बलवान आणि खालचा दुबळा हे पाठ्यपुस्तकी समीकरण तिथे उलटे होते. महाराष्ट्र वरचा, तरीही भीती खालच्या धरणाची. नेपाळ वरचा, तरीही गाऱ्हाणे खालच्या बंधाऱ्याचे. एरवी दिल्लीच्या चष्म्यातून पाहिला जाणारा शेजारी त्या एका तासात मला पहिल्यांदा आपल्यासारखा वाटला. या सरांसाठी मी या प्रश्नपत्रिकेला पैकीच्या पैकी गुण देईन. पण पुस्तिकेतील त्याच घटकात लक्ष्मणपूरचा उल्लेखही नाही, म्हणजे दुसऱ्या केंद्रावरच्या विद्यार्थ्याला हे मिळेलच याची खात्री नाही.

भारतातून बांगलादेशात वाहणाऱ्या तिस्ता नदीचा घटकही चांगला आहे, कारण त्यात राज्यांची भूमिका येते. सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान ढाक्याला निघाले असताना पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी माघार घेतली आणि तयार असलेला करार राहून गेला. परकीय देशाशी करार करण्याचा अधिकार केंद्राचा, पाणी हा विषय मुख्यतः राज्यांचा, या दोहोंच्या सांध्यावर शेजारधोरण कसे अडकते हे इथे नीट समजते.

दुसरी उत्तम प्रश्नपत्रिका प्रादेशिक व्यापाराची. इथे माझा थोडा पक्षपात असणे शक्य आहे. साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा करार, २००४ मध्ये इस्लामाबादला झाला आणि १ जानेवारी २००६ पासून अमलात आला. नोव्हेंबर २०११ मध्ये भारताने अल्पविकसित सदस्य देशांसाठीची संवेदनशील वस्तूंची, म्हणजे सवलतीतून वगळलेल्या वस्तूंची, यादी ४८० वरून २५ वर आणली. अफगाणिस्तान २००७ पासून सार्कचा सदस्य असल्याने तिथला बेदाणा या सवलतीत भारतात येतो, आणि तासगावच्या सौद्यात भाव पडला की त्याची चर्चा होते. गेल्या काही वर्षांत उत्पादकांची तक्रार आणखी पुढे गेली आहे: चीनचा बेदाणा अफगाणिस्तानचा किंवा नेपाळमार्गे आलेला म्हणून बाजारात शिरतो. ही तक्रार सभांमध्ये घोषणांच्या स्वरूपात ऐकायला मिळते. अभ्यासक्रमाने तिचे रूपांतर एका तपासता येणाऱ्या प्रश्नात केले.

तो प्रश्न उत्पत्तीच्या नियमांचा, म्हणजे माल कोणत्या देशाचा मानायचा हे ठरवणाऱ्या नियमांचा आहे. बाहेरचा कच्चा माल वापरून केलेल्या वस्तूला साफ्टाची सवलत हवी असेल तर साधारणपणे दोन अटी पुऱ्या कराव्या लागतात. अल्पविकसित देशांच्या बाबतीत किमान ३० टक्के मूल्यवर्धन तिथे झालेले असावे आणि वस्तूचे चार अंकी शुल्क-शीर्षक, म्हणजे सीमाशुल्काच्या वर्गीकरणातील क्रमांक, बदललेले असावे. आता ताज्या द्राक्षांचा क्रमांक ०८०६ १० आणि बेदाण्याचा ०८०६ २०. पहिले चार अंक तेच. म्हणजे तिसऱ्या देशाची द्राक्षे आणून काबूलमध्ये किंवा काठमांडूत वाळवली, तरीही शीर्षक बदलत नाही आणि उत्पत्ती मिळत नाही. तयार बेदाणा नव्या खोक्यांत भरला तर सवलतीचा प्रश्नच उद्भवत नाही. सवलतीसाठी द्राक्ष त्याच देशातल्या वेलीवरचे असायला हवे. वर्षानुवर्षे हे क्रमांक कागदावर भरत असूनही त्यांच्यामागे ही रचना आहे हे मला या वर्गात उमगले. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या सीमाशुल्क नियमांनुसार उत्पत्तीची माहिती बाळगण्याची जबाबदारी आयातदारावरही आहे, त्यामुळे केवळ प्रमाणपत्र दाखवून हात झटकता येत नाहीत. नियम पुरेसे कडक आहेत, उणीव तपासणीची आहे, असा निष्कर्ष मी माझ्या लघुप्रबंधात काढला आणि मार्गदर्शकांनी त्यावर भरपूर वाद घातला. संपूर्ण दोन वर्षांत माझ्या लेखनावर कोणी गांभीर्याने वाद घातल्याचा तो एकमेव प्रसंग.

कारण स्वाध्यायांची तऱ्हा वेगळी होती. हाताने लिहून द्यायचे, केंद्रावर जमा करायचे, काही महिन्यांनी संगणकावर गुण दिसायचे. समासात एक शब्दही नाही. चांगले गुण मिळाले तेव्हा का मिळाले हे कळले नाही आणि कमी मिळाले तेव्हाही कळले नाही. पदव्युत्तर पातळीवर विद्यार्थ्याला लिहायला शिकवायचे तर त्याचे लिखाण वाचून परत द्यावे लागते. तेवढे मनुष्यबळ नसेल तर स्वाध्यायांची संख्या निम्मी करावी, पण जे लिहून घेतले ते वाचावे.

संपर्क सत्रांचा दर्जा शिकवणाऱ्यावर अवलंबून राहतो. जलप्रश्न आणि व्यापार सोडले तर काही सत्रांत पुस्तिकाच मोठ्याने वाचली गेली. वर्गाची बैठक मात्र मोठी समृद्ध होती: स्पर्धा परीक्षा देणारी मुले, दोन कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक, एक वकील, आणि सातारा जिल्ह्यातून दर आठवड्याला एसटीने येणारे एक निवृत्त सैनिक. श्रीलंकेवरच्या सत्रात २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका कराराची कलमे वाचली जात होती. करार जयवर्धने सरकारशी झाला, शस्त्रे खाली ठेवायची होती ती तमिळ वाघांनी (एलटीटीई या बंडखोर संघटनेने), आणि वाघ करारावर सही करणारे पक्षकारच नव्हते, एवढे पुस्तिकेत होते. श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेत काम केलेले हे निवृत्त सैनिक मागच्या बाकावरून म्हणाले, "सर, आम्हाला सांगितलं होतं की तुम्ही भांडण सोडवायला चाललाय. महिना-दोन महिन्यांत आम्हीच भांडणातला एक पक्ष झालो." मग त्यांनी जाफन्यातील अरुंद गल्ल्या, नकाशांची टंचाई, भाषा न येण्याची अडचण यांविषयी सांगितले. ते आवाज न चढवता बोलत होते आणि सरांनी घड्याळ पाहिले नाही. मार्च १९९० मध्ये शांतिसेना परतली तेव्हा स्वागताला फार कोणी नव्हते, हेही त्यांनीच सांगितले. सातारा-सांगलीत असे निवृत्त सैनिक गावोगाव आहेत. त्यांना एखाद्या सत्राला रीतसर बोलवावे, मानधन द्यावे, त्यांचे कथन ध्वनिमुद्रित करून ठेवावे, असे केंद्राला सुचवले होते. नियमांत तरतूद नाही, असे उत्तर आले.

या अभ्यासक्रमाबद्दलची माझी मुख्य तक्रार मात्र वेगळीच आहे. प्रदेशाचा अभ्यास म्हणायचे आणि प्रदेशाची एकही भाषा शिकवायची नाही, ही त्याची मूळ उणीव आहे. प्रदेश-अभ्यास ही शाखा जिथे फोफावली त्या अमेरिकेत सोव्हिएत उपग्रह स्पुटनिकच्या धक्क्यानंतर १९५८ मध्ये झालेल्या कायद्याने परकीय भाषांच्या अध्यापनाला आणि प्रदेश-अभ्यासाच्या केंद्रांना एकत्रच पैसा दिला, कारण दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत हे तिथे ओळखले गेले होते. आपल्याकडे १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये सुरू झालेली आणि १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झालेली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्थाही प्रदेशवार विभागांच्याच कल्पनेवर वाढली. आमच्या अभ्यासक्रमात हा इतिहास एका पानात आहे आणि त्याचा परिणाम शून्य आहे. बंगाली नाही, उर्दू नाही, सिंहली-तमिळ तर दूरच. नेपाळी देवनागरीत लिहिली जाते; मराठी विद्यार्थ्याला थोड्या मार्गदर्शनाने काठमांडूच्या वर्तमानपत्रातील मथळे आणि अग्रलेख समजू लागले असते. चार श्रेयांकांचा एक ऐच्छिक भाषावर्ग ठेवणे अशक्य नव्हते. त्याअभावी शेजाऱ्यांविषयी आम्ही जे वाचले ते जवळपास सगळे इंग्रजीत लिहिलेले आणि बहुतांशी भारतीय लेखकांनी लिहिलेले होते. बांगलादेशातील अभ्यासक फराक्क्याकडे कसे पाहतात हे कळायला मला माझ्या खटाटोपाने ढाक्याच्या इंग्रजी दैनिकांचे जुने अंक चाळावे लागले.

मराठीचाही प्रश्न आहे. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, ही मोठी सोय आहे आणि तिच्यामुळेच वर्गातील निम्मी माणसे टिकली. साहित्य मात्र इंग्रजीत आहे आणि केंद्रावर फिरणारी मराठी टिपणे इतकी ओढूनताणून केलेली आहेत की मूळ इंग्रजी वाचणे सोपे जाते. ज्यांना पुढे नेट, म्हणजे अध्यापनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, द्यायची आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावे की त्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असतात. आंतरराष्ट्रीय व प्रदेश-अभ्यास हा नेटचा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे पदवी उपयोगी पडते. तयारी मात्र संपूर्ण वेगळी करावी लागते. केवळ नेटसाठी हा अभ्यासक्रम घेऊ नये, असेच मी सांगेन.

लघुप्रबंधासाठी विषय निवडताना विद्यार्थी हमखास चीन-पाकिस्तान आर्थिक मार्गिकेकडे किंवा श्रीलंकेतील हंबनटोटा बंदराकडे धावतात, कारण त्यावर आंतरजालावर रतीब आहे. आमच्या तुकडीतील एका शिक्षकाने यशवंतराव चव्हाणांचा परराष्ट्रमंत्रिपदाचा काळ घेतला आणि तो विषय मला सर्वांत मोलाचा वाटला. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे गावी जन्मलेला, कऱ्हाडला घडलेला हा नेता ऑक्टोबर १९७४ ते मार्च १९७७ या काळात परराष्ट्रमंत्री होता, आणि त्या अडीच वर्षांत शेजारात काय काय घडले ते पाहावे: एप्रिल १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला, ऑगस्टमध्ये बांगलादेशाचे नेते शेख मुजीब यांची हत्या झाली, मे १९७६ मध्ये बांगलादेशातील नेते मौलाना भाशानींनी फराक्क्याविरुद्ध लाँग मार्च काढला, मार्च १९७६ मध्ये श्रीलंकेशी सागरी सीमेचा दुसरा करार झाला, चीनशी आणि पाकिस्तानशी राजदूत पातळीवरचे संबंध १९७६ मध्येच पूर्ववत झाले. अभ्यासक्रमात चव्हाणांचे नाव एकदाही येत नाही. महाराष्ट्रातही त्यांची आठवण निघते ती मुख्यमंत्री म्हणून, फार तर १९६२ नंतरचे संरक्षणमंत्री म्हणून. लोकसभेतील चर्चा आणि परराष्ट्र मंत्रालयाचे वार्षिक अहवाल आज घरबसल्या विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे सांगलीत बसून हे काम होऊ शकते हे त्या शिक्षकांनी दाखवून दिले. केंद्राच्या ग्रंथालयावर विसंबून मात्र ते झाले नसते. तिथे या विषयाचे एक कपाट आहे, त्यातील पुस्तके जुनी आहेत आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते रविवारी येत नाहीत.

खर्चाच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. दोन वर्षांचे सगळे शुल्क, परीक्षा आणि लघुप्रबंधाची छपाई धरूनही, दिल्लीत किंवा पुण्यात एक वर्ष खोली घेऊन राहण्यापेक्षा कितीतरी कमी पडते. निकाल उशिरा लागतात, गुणपत्रिकेत नावाची दुरुस्ती करायची तर पत्रव्यवहाराला अंत नसतो, हे दूरशिक्षणात गृहीतच धरावे. ज्याला पूर्णवेळ शिकणे शक्य आहे आणि वय हाताशी आहे त्याने प्रवेश परीक्षा देऊन दिल्लीचा प्रयत्न आधी करावा. तिथले ग्रंथालय आणि इतर देशांतून आलेले सहाध्यायी यांना पर्याय नाही. नोकरी करणाऱ्यांनी, शिक्षकांनी, पत्रकारांनी आणि आयात-निर्यातीच्या व्यवसायातील माणसांनी हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा, विशेषतः ज्यांच्याकडे आपल्या कामातून आलेला एखादा ठोस प्रश्न आहे त्यांनी.

प्रवेशापूर्वी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. संबंधित विद्यापीठाला त्या वर्षासाठी आणि त्याच अभ्यासक्रमासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावे. माहितीपत्रकातील वाक्यावर विश्वास ठेवू नये. प्रवेशासाठी लागणारा या मंडळाचा डीईबी ओळख क्रमांक विद्यार्थ्याने स्वतः काढावा लागतो आणि तो आधीच काढून ठेवलेला बरा. आणि तिसऱ्या सत्रात कोणत्या ऐच्छिक प्रश्नपत्रिका त्या केंद्रावर प्रत्यक्ष शिकवल्या जाणार आहेत, हे समन्वयकांकडून लेखी घ्यावे, कारण पुस्तिकेत छापलेल्या सगळ्याच प्रश्नपत्रिकांना शिक्षक मिळत नाहीत. आमच्या वेळी सीमा आणि स्थलांतर ही प्रश्नपत्रिका याच कारणाने ऐनवेळी बंद झाली आणि ज्यांनी ती निवडली होती त्यांना सुरक्षा अभ्यासाकडे वळवण्यात आले.